सकाळी फाडफाड, दुपारी दम गेला: हवेची गन कमजोर पडते तेव्हा काय तपासायचे

तक्रार ठरलेली असते. सकाळी नऊला पहिल्या ट्रकच्या चाकाचे नट कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या इम्पॅक्ट गनने फाडफाड सुटतात. दुपारी दोनला तीच गन, तोच कारागीर, तसलेच नट, आणि गन नुसती गुरगुरत बसते. मग टाकीवरच्या प्रेशर स्विचचा नट दोन फेरे आवळला जातो, टाकी आठऐवजी दहा बार दाबाला नेली जाते आणि दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सोलापुरात हैदराबाद रोड आणि विजापूर रोडवरच्या टायरच्या दुकानांत, अक्कलकोट रोड आणि चिंचोली एमआयडीसीतल्या शेडमध्ये हा खेळ वर्षभर चालू असतो. उसाचे ट्रॅक्टर-ट्रॉली धावायला लागले की जरा जास्तच.

प्रेशर वाढवणे हा यावरचा इलाज नाही. टाकीवरचा काटा आठ दाखवतो म्हणजे गनच्या तोंडाशी आठ पोचतात असे नाही. मध्ये जे खाल्ले जाते ते शोधायचे सोडून टाकी फुगवली, तर गनला त्या वाढीतला काही भागच मिळतो. पण त्याच लाइनवर कुणी ग्राइंडर लावला असेल, तर त्याच्या डिस्कचा वेग धोक्याच्या पलीकडे जातो. टाकीच्या पाटीवर कमाल दाब लिहिलेला असतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच हिशोबाने बसवलेला असतो. तो "सारखा उडतो" म्हणून स्क्रू आवळून बंद करणारेही आहेत. त्या टाकीशेजारी उभे राहू नये.

आधी मोजा, मग खोला

बहुतेक हवेची अवजारे ६.३ बार, म्हणजे साधारण ९० पीएसआयसाठी बनवलेली असतात. हा आकडा गनच्या तोंडाशी, ट्रिगर दाबलेला असतानाचा. ट्रिगर सोडलेला असताना कुठलीही चोंदलेली लाइन पूर्ण दाब दाखवते, कारण हवा वाहतच नसते. वाहायला लागली की खरे काय ते कळते.

त्यासाठी एक छोटे साधन बनवून ठेवा. अर्धा इंची टी, तिच्या आडव्या तोंडाला पाव इंचीचे रिड्यूसर आणि त्यावर ० ते १० बारचा, ग्लिसरीन भरलेला गेज. सुका गेज गनच्या हादऱ्याने आठवड्यात मरतो. ही टी शेवटच्या कपलरनंतर (नळी झटकन जोडायच्या-काढायच्या जोडानंतर), थेट गनला लावायची. कपलरच्या आधी लावली तर कपलरनेच खाल्लेला दाब दिसणार नाही, आणि पुष्कळदा चोर तोच असतो.

गनवरचा सॉकेट काढा, चष्मा लावा, गन दोन्ही हातांनी धरा आणि तीन-चार सेकंद मोकळी फिरवा. मोकळी गन ठोकणाऱ्या गनपेक्षा जास्त हवा पिते, त्यामुळे ही लाइनची कडक परीक्षा होते. त्याहून जास्त वेळ मोकळी पळवू नका, आतल्या हॅमरला (ठोका देणाऱ्या भागाला) ते मानवत नाही.

काटा ६ किंवा वर राहिला तर लाइन ठीक, दोष गनमध्ये. ५ च्या खाली गेला तर गन खोलू नका, आधी लाइन बघा. ५ ते ६ च्या मध्ये असेल तर दोन्हीकडे थोडेथोडे. ६.३ चे ५ झाले की गनची ताकद निदान पाचव्या हिश्श्याने उतरते, आणि गंजलेल्या नटापुढे तेवढी तूट पुरते.

ही चाचणी दोनदा घ्या. एकदा सकाळी टाकी भरलेली असताना, एकदा दुपारी तक्रार चालू असताना. सकाळी ६ आणि दुपारी ४.५ आले तर पाइप-कपलर सोडून कॉम्प्रेसरकडे वळा. दोन्ही वेळा ४.५ आले तर कॉम्प्रेसरला बोल लावू नका, नळी बघा.

नळी, कपलर आणि टेफ्लॉनचा तुकडा

बाजारात "आठ एमएमची पीयू नळी" मागितली की जी मिळते तिचा बाहेरचा व्यास आठ असतो. आतले भोक पाच मिमी. नळीवर ८×५, १०×६.५, १२×८ असे छापलेले असते, ते वाचायचे आणि दुसरा आकडा धरायचा. हवेला बाहेरच्या व्यासाशी काही देणेघेणे नाही.

आतला व्यास थोडा कमी झाला तरी दाबाची घट भयंकर वाढते, कारण ती व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. ट्रकच्या चाकाची एक इंची गन ४० सीएफएम (मिनिटाला ४० घनफूट हवा) ओढते असे धरा, लाइनमध्ये ७ बार आणि नळी १० मीटर. आतला व्यास १९ मिमी असेल तर घट नावापुरती, ०.०५ बार. १२.५ मिमीला सुमारे ०.४ बार. १० मिमीला १.३. ८ मिमीला जवळपास ४ बार! म्हणजे १२×८ ची ऐसपैस दिसणारी नळी लावून टाकीत ७ बार असले तरी एक इंची गनला ३ मिळतात. तीच नळी कारच्या अर्धा इंची गनला, २० सीएफएमला, १ बार खाते. तिथे ती चालून जाते. म्हणून "शेजारच्या कारवाल्याकडे हीच नळी मस्त चालते" हा युक्तिवाद कामाचा नाही. एक इंची गनला आतून निदान अर्धा इंच, लांबी १० मीटरच्या वर असेल तर पाऊण इंची रबरी नळी लागते. स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पीयू नळी दिसायला सुटसुटीत, पण ताणल्यावर जेवढी लांब वाटते त्याहून तिचा खरा पल्ला बराच मोठा असतो.

मग कपलर. पाव इंची क्विक कपलरच्या आतला रस्ता बोटभर लांबीत पाच-सहा मिमीवर येतो. लाइनमध्ये असे तीन कपलर असले (टाकीवर एक, नळीच्या जोडाला एक, गनवर एक) तर नळी कितीही मोठी घ्या, उपयोग नाही. एक इंची गनवर अर्धा इंची हाय-फ्लो किंवा खेकडा कपलर (नांग्या एकमेकांत अडकवून फिरवायचा जोड) लावा. खेकडा कपलरला पिन आणि सुरक्षा तार हवीच. मोठी नळी सुटली की साप फटकारतो तशी फटकारते आणि टोकाचा लोखंडी जोड कुणाच्या तोंडावर बसेल सांगता येत नाही. गनवर थेट कपलर न लावता हातभर लांबीची जाड रबरी शेपटी ठेवून तिच्या टोकाला कपलर लावला, तर हादऱ्याने कपलर झिजणे बरेच कमी होते.

आता सगळ्यात स्वस्त दोष. गनच्या हवेच्या तोंडात, निपल काढल्यावर, एक बारीक जाळी दिसते. निपल काढा आणि उजेडात बघा. त्या जाळीवर पांढरे धागे चिकटलेले असतात: टेफ्लॉन टेपचे तुकडे. टेप आट्याच्या अगदी टोकापासून गुंडाळली की पुढचा वेढा आत लोंबतो, सुटतो आणि हवेबरोबर थेट जाळीवर येऊन बसतो. त्यात जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा तांबूस गंज आणि थोडे चिकट तेल मिसळले की जाळीवर थर तयार होतो, नखाने खरवडला तर मेणासारखा निघतो. पिनने उचला, ब्रशने साफ करा, जाळी परत बसवा. "जाळीमुळे हवा अडते" म्हणून ती कायमची काढून टाकणाऱ्यांच्या गनची ब्लेड (हवेने रोटर फिरवणाऱ्या आतल्या पट्ट्या) पुढच्या काही महिन्यांत कचऱ्याने खरवडतात. टेप गुंडाळताना पुढचे दोन आटे मोकळे सोडायचे, एवढीच काळजी.

एफआरएल युनिट (फिल्टर, रेग्युलेटर आणि तेल देणारे लुब्रिकेटर एकत्र) असेल तर त्याचा फिल्टरही बघा. त्याचा पारदर्शक वाडगा पॉलिकार्बोनेटचा असतो. पेट्रोल, थिनर किंवा केरोसिनने पुसला की त्यात केसासारख्या भेगा पडतात आणि एक दिवस तो दाबाखाली फुटतो. साबणाचे पाणी पुरे. बाण हवेच्या दिशेने आहे ना, हेही पाहा. उलटे बसवलेले युनिट वर्षानुवर्षे तसेच चालवणारे कारखाने आहेत.

दुपारचा खरा हिशोब

सकाळी चालते आणि दुपारी नाही, याचे खापर सगळे उन्हावर फोडतात. ऊन दोषी आहे, पण दुय्यम. आधी कामाची लय बघा.

पाच एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर घ्या, टाकी २२० लिटर. अशा यंत्राची प्रत्यक्ष मिळणारी हवा १५ सीएफएमच्या आसपास, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२५ लिटर. पाटीवर बहुधा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा (पिस्टनने सरकवलेल्या जागेचा) आकडा असतो, तो यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याने मोठा. विक्रेता तोच सांगतो. टाकी ८ वरून ६ बारवर उतरते तेव्हा ती ४४० लिटर हवा देते. एक इंची गन मिनिटाला ११३० लिटर ओढते. त्यातले ४२५ कॉम्प्रेसर देतो, उरलेले ७०५ टाकीतून जातात. ४४० भागिले ७०५ म्हणजे सदतीस-अडतीस सेकंद.

ट्रकच्या एका चाकाला १० नट. नटाला चार सेकंद धरले तर एक चाक उतरेपर्यंत टाकी ६ वर आलेली असते. सकाळी गाडी अर्ध्या तासाने एक येते, टाकी मधल्या वेळात भरते, गन कायम ताज्या ८ बारवर. दुपारी दोन गाड्या एकदम उभ्या राहिल्या, चार चाके सलग, की दुसऱ्या चाकापासून गनला ६ च्या खालची हवा मिळते आणि नळीतली घट वेगळी. यंत्रात बिघाड काहीच नाही. हिशोबच तेवढा आहे. इथे ५०० लिटरची टाकी किंवा दुसरा कॉम्प्रेसर हाच इलाज. सेटिंग ८ वरून १० ला नेली तरी फार तर आणखी सदतीस-अडतीस सेकंद, म्हणजे एका चाकापुरते मिळतील.

पण हिशोबाप्रमाणे मिळायला हवी तेवढी तरी हवा मिळते का? ते घड्याळाने कळते. टाकी पूर्ण रिकामी करा, पुढचा कॉक बंद ठेवा, कॉम्प्रेसर सुरू करून ० ते ७ बारला किती वेळ लागतो तो मोजा. २२० लिटरला १५४० लिटर हवा लागते. ४२५ ने भागले की साडेतीन-पावणेचार मिनिटे. साडेचारपर्यंत ठीक. सहा मिनिटे लागली तर यंत्र आजारी आहे. टाकी वेगळी असेल तर लिटरला ७ ने गुणा आणि मिनिटाच्या लिटरने भागा.

आजारी यंत्रात काय शोधायचे, तर:

इनटेक फिल्टर. यंत्रमागाच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर ठेवलेला असेल तर आधी हाच. सुताची उडती रुई फिल्टरवर बसून चादर विणल्यासारखा थर होतो. यंत्र अर्धपोटी राहते, हेड तापते, तेल जळून व्हॉल्व्हवर काजळी धरते. टॉवेल-चादरीच्या शेडमध्ये फिल्टर रोज झटकायला हवा. कॉम्प्रेसर बाहेर, सावलीत, भिंतीपासून हातभर लांब ठेवून इनटेक पाइप शेडबाहेर काढला तर आणखी बरे.

व्हॉल्व्ह प्लेट. यंत्र चालू असताना इनटेक फिल्टरजवळ तळहात धरा. हवा आत ओढली गेली पाहिजे. फुस-फुस करून बाहेरही येत असेल तर सक्शन व्हॉल्व्ह गळतो. हेड काढून प्लेटची काजळी साफ करा; प्लेटला खाच किंवा चीर असेल तर बदला, गॅस्केट नवीन टाका.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. मोटार बंद झाल्यावर प्रेशर स्विचखालून पाच-दहा सेकंद "फिस्स" होते, ते योग्य. हेडमधली अडकलेली हवा सुटते. तो आवाज थांबतच नसेल तर टाकीतली हवा उलटी येते आहे, म्हणजे टाकीच्या तोंडावरचा नॉन-रिटर्न (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) गळतो. स्विच बदलून हा दोष जात नाही, तरी स्विचच बदलला जातो. टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय हा व्हॉल्व्ह खोलू नका.

पट्टा. दोन पुल्यांच्या मध्यावर अंगठ्याने दाबला की दहा-बारा मिमी वाकावा. सैल पट्टा घसरतो, किंचाळतो, जळका वास येतो. व्होल्टेज उतरले तर मोटारचा वेग फारसा घटत नाही, पण करंट वाढतो, मोटार तापते आणि ओव्हरलोड रिले पडतो. दुपारी रिले वारंवार पडत असेल तर रिलेचे सेटिंग वाढवण्याआधी चालू यंत्रावर तिन्ही फेजचे व्होल्टेज मोजा.

आता उन्हाचा वाटा. मे महिन्यात सोलापूर ४२-४३ अंशांवर, पत्र्याच्या शेडमध्ये ५०. गरम हवा विरळ. २० अंशांच्या तुलनेत तेवढ्याच आकारमानात ७ ते ९ टक्के कमी हवा मावते. एवढ्याने गन मरत नाही, काठावर असलेली मात्र ढासळते. शिवाय पिस्टन कॉम्प्रेसर सलग चालण्यासाठी नसतो. तासातला दोन-तृतीयांश वेळ चालवून बाकी थंड होऊ द्यायचा, असा ढोबळ नियम. दुपारी तो थांबतच नसेल तर तो लहान पडतो आहे किंवा हवा गळते आहे.

गळती रात्री मोजा. टाकी ७-८ बारला भरून तासभर थंड होऊ द्या. मेन स्विच काढा, टाकीचा कॉक उघडा ठेवा, सगळी अवजारे काढा. २२० लिटरच्या टाकीत दहा मिनिटांत १ बार उतरला तर मिनिटाला २२ लिटर गळतात, चालेल. दोन मिनिटांत १ बार उतरला तर मिनिटाला ११० लिटर, म्हणजे कॉम्प्रेसरचा चौथा हिस्सा गळतीला. ७ बारला ३ मिमीच्या एका भोकातून सेकंदाला सुमारे १० लिटर हवा जाते. हे अख्ख्या पाच एचपीच्या यंत्रापेक्षा जास्त. साबणाचे पाणी आणि ब्रश घ्या, कपलरपासून सुरुवात करा.

पाणी: मेमध्ये नाही, सप्टेंबरात

गनमधून पाण्याचे फवारे, ब्लेड फुगून अडकणे, आत गंज, ही तक्रार सोलापुरात मोसमी आहे आणि तिचा हिशोब गमतीदार आहे.

मेच्या दुपारी ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना घनमीटर हवेत जेमतेम साडेआठ ग्रॅम वाफ असते. टाकी स्वतःच ४८ अंशांवर तापलेली, त्यामुळे ती वाफ वाफच राहते, पाणी पडत नाही. पडते ते रात्री, टाकी आणि लाइन थंड झाल्यावर. म्हणून उन्हाळ्यात पाणी सकाळी, काम सुरू करण्याआधी काढायचे.

सप्टेंबरात, पावसाचा जोर असताना, २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला घनमीटरमागे सुमारे २२ ग्रॅम वाफ. पाच एचपीचे यंत्र तासाला २५ घनमीटर हवा ओढते, म्हणजे साधारण ५५० ग्रॅम पाणी आत. टाकी ३५ अंशांवर असेल तर त्यातले सव्वाशे ग्रॅम वाफ होऊन पुढे जाते आणि चारशे मिली टाकीत साचते. दर तासाला! दिवसात पाच तास भर चालले तर दोन लिटर. "पाणी आठवड्याला काढतो" म्हणणाऱ्याच्या टाकीच्या तळाशी शनिवारी बादलीभर पाणी असते आणि तेवढी टाकीची जागा हवेसाठी कमी झालेली असते. वर तळ आतून गंजतो तो वेगळाच. पावसाळ्यात दिवसातून दोनदा, दाब एक-दोन बार असताना, खालचा कॉक हळू उघडा. पांढरट ताकासारखे येते, कारण त्यात तेल मिसळलेले असते. डब्यात धरा, गटारात नको.

कॉम्प्रेसर आणि टाकीच्या मध्ये दहा-पंधरा मीटर तांब्याच्या नळीची वेटोळी आणि पुढे पाणी विलग करणारे भांडे टाकले तर लाइनमध्ये पाणी बरेच कमी येते. मुख्य लाइनला शंभराला एक असा उतार द्या. गनकडे जाणारी फांदी मुख्य लाइनच्या वरच्या बाजूने काढून हंसाच्या मानेसारखी खाली वळवा आणि प्रत्येक फांदीच्या तळाला ड्रेन कॉक ठेवा. खालून काढलेली फांदी पाण्यालाच गनचा रस्ता दाखवते.

पाण्याची पीव्हीसी पाइप हवेसाठी वापरू नका. पाणी दबत नाही, हवा दबते. पीव्हीसी फुटली की तिचे काचेसारखे धारदार तुकडे उडतात. उन्हाने आणि तेलाने ती आणखी ठिसूळ होते. जीआय किंवा अॅल्युमिनियम वापरा.

गन खोलायच्या आधी, आणि खोलल्यावर

गेजवर ६ आहेत आणि गन तरी सुस्त. हवा बंद करा, ट्रिगर दाबून नळीतली उरलेली हवा सोडा, मग गन काढा. गनचा पॉवर नॉब कमीवर तर नाही? सायलेन्सर चोंदला आहे का? हवा बाहेर पडायला जागा नसेल तर आत यायलाही नसते.

मग तोंडातून एअर टूल ऑइलचे दहा-बारा थेंब टाका आणि पुढचा चौकोन (ज्यावर सॉकेट बसतो) हाताने दोन्ही दिशांना फिरवा. एक्झॉस्टवर फडके धरून २ बारवर दहा-पंधरा सेकंद पुढे-मागे आलटून पालटून चालवा. फडक्यावर आधी तपकिरी पाणी येते, मग काळपट तेल. स्वच्छ तेल येईपर्यंत दोन-तीनदा करा. निम्म्या गना एवढ्यानेच सुधारतात.

तेल आयएसओ व्हीजी २२ किंवा ३२ ग्रेडचे, पातळ. इंजिनचे २०डब्ल्यू-४० टाकले की ब्लेड खाचेत चिकटतात. डिझेल-केरोसिनने गन "धुतल्यावर" तासभर झकास पळते हे खरे. पण तेलाचा थर निघून जातो, ओ-रिंग फुगतात आणि एक्झॉस्टमधून ज्वलनशील फवारा उडतो. शेजारी व्हल्कनायझिंगची शेगडी पेटलेली असते, हे विसरू नका. रोज सकाळी आणि जेवणानंतर चार-पाच थेंब, संध्याकाळी काम संपल्यावर पुन्हा तेवढेच आणि दोन सेकंद चालवून ठेवणे, एवढीच गनची मागणी. संध्याकाळचे थेंब सगळे विसरतात, आणि रात्रभरचे पाणी त्याच रात्री गंज धरते.

खोलायची वेळ आलीच तर दोन्ही झाकणांवर आणि बॉडीवर मार्करने रेघ ओढा. मागचे बोल्ट काढा, गॅस्केट फाटू न देता झाकण उचला आणि रोटर सरळ ओढून काढा. ब्लेड किती आहेत, कुठली बाजू बाहेर आहे, फोटो काढून ठेवा. ब्लेड पुसून कोरडे करा, खाच साफ करा, तेलाचे बोट लावा आणि ब्लेड खाचेत सोडा. रोटर आडवा धरून फिरवला की ब्लेड स्वतःच्या वजनाने सरकून बाहेर आले पाहिजे. अडकले तर एकतर खाचेत गोंद आहे किंवा ब्लेड पाण्याने फुगले आहे. कडा तुटलेल्या, थर सुटलेले, नव्याच्या मानाने रुंदी घटलेली अशी एक जरी असेल तर सगळा सेट बदला. एक-दोनच बदलली की रोटर असमतोल फिरतो. एंड प्लेटवर ओरखडे असतील तर सपाट काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून इंग्रजी आठच्या आकारात घासा. बोल्ट समोरासमोरचे आवळा. आवळून झाल्यावर चौकोन हाताने फिरला नाही तर पुन्हा सैल करून बसवा.

गन मोकळी सपाट्याने फिरते पण नटावर ठोका बसत नाही, असे असेल तर हवेची बाजू ठीक, हॅमर आणि अॅन्व्हिल (ठोका झेलणारा दांडा) झिजलेले. की फार ग्रीस भरले? हॅमरच्या कोठीत ग्रीस ठासले की ठोका मऊ पडतो. कंपनीने सांगितले तेवढेच. आणि सॉकेटचा चौकोन बघा. गोल झालेला चौकोन अर्धा ठोका स्वतःच गिळतो, लांब एक्स्टेन्शन आणखी थोडा. सॉकेट काळे, इम्पॅक्टचेच हवे. चकचकीत क्रोम सॉकेट गनवर तडकून उडते.

नट दहा सेकंदांत सुटला नाही तर थांबा. काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात आणि गन नट सोडवत नसून आवळत असते! आटा सुलटा असेल तर गंज सोडवणारे तेल मारून वाट बघा किंवा टॉर्क मल्टिप्लायर (हाताचा जोर गिअरने वाढवणारे अवजार) लावा. बसवताना शेवटची आवळणी गनने नको, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर.

ग्राइंडर आणि ब्लो गन

१०० मिमीच्या कटिंग डिस्कवर १५,३०० आरपीएम असा कमाल वेग छापलेला असतो. छोटा डाय ग्राइंडर २०-२५ हजारांवर फिरतो. दांडा लावून त्यावर ही डिस्क चढवली की ती फुटणारच, प्रश्न फक्त कधी याचा. गार्ड काढलेला अँगल ग्राइंडर आणि १० बारला नेलेली लाइन, यातूनही तेच होते. ग्राइंडरच्या फांदीवर वेगळा रेग्युलेटर लावून ६.३ ला बांधा.

यंत्रमागाच्या शेडमध्ये ब्लो गनने माग साफ करतात आणि शेवटी त्याच हवेने अंगावरची रुई झटकतात. हे बंद करा. डोळ्यात, कानात, जखमेतून कातडीखाली हवा जाते. गमतीने कुणाच्या मागून हवेचा पाइप लावण्याच्या प्रकारात आतडे फाटून माणसे मेली आहेत, ही थट्टा समजणाऱ्याला त्या दिवशी कामावरून घरी पाठवा. अमेरिकेच्या ओशा (कामगार सुरक्षा यंत्रणा) नियमात सफाईच्या हवेचा दाब ३० पीएसआयखाली, म्हणजे साधारण २ बारच्या खाली ठेवायला सांगितले आहे. बाजूला भोके असलेले सुरक्षित नोझल मिळते, ते वापरा. चष्मा बाजू झाकणारा हवा. गनच्या आवाजासाठी कानात प्लगही, कारण इम्पॅक्ट गन सहज शंभर डेसिबलच्या आसपास जाते.

दुरुस्ती झाली, गन पुन्हा फाडफाड करू लागली की त्याच दिवशी तीन आकडे कॉम्प्रेसरमागच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून ठेवा: टाकी ० ते ७ भरायला लागलेला वेळ, रात्री दहा मिनिटांत उतरलेला दाब, ट्रिगर दाबून गनच्या तोंडाशी आलेले बार. शेजारी तारीख. पुढच्या वेळी "दम गेला" अशी ओरड झाली की पान्याला हात लावायच्या आधी हे तीन पुन्हा मोजा. जो आकडा हलला असेल तिथून सुरुवात.